शिलकी लष्करी रायफल आणि नवागत नेमबाज : अमेरिकी बाजारपेठ व इशापूरची रायफल यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

सैन्याने नवे शस्त्र स्वीकारले की जुने शस्त्र शिलकी ठरते. असे शस्त्र वितळवावे, मित्रराष्ट्रांस द्यावे की नागरिकांस विकावे, हा निर्णय वरकरणी प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात त्यातून शासनसंस्था व नागरिक यांच्यातील विश्वासाचे किंवा अविश्वासाचे नाते प्रकट होते. अमेरिकेत शिलकी लष्करी रायफल विकत घेऊन नेमबाजीस आरंभ करणाऱ्या सामान्य नागरिकाची परंपरा सुमारे शंभराहून अधिक वर्षांची आहे. या परंपरेची जडणघडण, तिला १९६३ व १९६८ या वर्षांत मिळालेले वळण, नवागत खरेदीदाराने घ्यावयाची तांत्रिक दक्षता आणि भारतात निर्माण झालेल्या रायफलीचे या बाजारपेठेतील स्थान यांचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : शिलकी शस्त्रे, ली-एनफिल्ड, एम-वन गॅरंड, इशापूर, खडकी दारूगोळा कारखाना, शस्त्र कायदा, नागरिक नेमबाजी.

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास बहुधा सेनानी, लढाया आणि तह यांच्या अंगाने लिहिला जातो. शस्त्राचा उल्लेख आला तरी तो शस्त्र रणांगणावर असेपर्यंतच येतो. युद्ध संपल्यावर त्या लाखो रायफलींचे काय झाले, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा विचारला जात नाही. वास्तविक रायफल ही दीर्घायुषी वस्तू आहे. पोलाद आणि अक्रोडाचे लाकूड यांची नीट निगा राखली तर ती शंभर वर्षांनंतरही बार काढू शकते. सैनिकाच्या हातून सुटलेली ही वस्तू गोदाम, जहाज, व्यापाऱ्याचे दुकान असा प्रवास करीत अखेर एखाद्या नागरिकाच्या हाती पोहोचते. तो नागरिक पुष्कळदा या क्षेत्रात अगदीच नवखा असतो. त्याला लढाई ठाऊक नसते, केवळ इतिहासाचे आकर्षण असते. अशा नवख्या माणसाच्या हातातील जुनी रायफल ही एकाच वेळी ऐतिहासिक साधन, क्रीडासाहित्य आणि प्राणघातक शस्त्र असते. या तीन भूमिकांमधील ताण हा या अभ्यासाचा गाभा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अमेरिकेत शिलकी लष्करी रायफली नागरिकांपर्यंत पोहोचण्यामागील धोरण व व्यापार यांचा आढावा घेणे.
२. १९६८ च्या अमेरिकी शस्त्र नियंत्रण कायद्याची पार्श्वभूमी तपासणे.
३. नवागत खरेदीदार व नेमबाज यांच्यासमोरील तांत्रिक प्रश्नांचे ऐतिहासिक मूळ शोधणे.
४. इशापूर व खडकी येथील उत्पादनांच्या आधारे भारतीय व अमेरिकी शस्त्रधोरणांतील भेद स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती व व्याप्ती

या निबंधात वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती बोल्ट पद्धतीच्या रायफली आणि अमेरिकेची एम-वन गॅरंड यांपुरती मर्यादित आहे. स्वयंचलित शस्त्रे, पिस्तुले आणि बेकायदा शस्त्रव्यापार हे विषय येथे विचारात घेतलेले नाहीत.

शिलकी शस्त्रांच्या व्यापाराचा उदय

अमेरिकेत शिलकी शस्त्रांच्या व्यापाराला संघटित रूप आले ते यादवी युद्धानंतर. १८६५ मध्ये युद्ध संपले, फौजा विसर्जित झाल्या आणि सरकारी गोदामांत बंदुका, खोगिरे, पट्टे व गणवेश यांचे ढीग उरले. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन या व्यापाऱ्याने सरकारी लिलावांतून असा माल घेऊन त्याचा मोठा व्यवसाय उभारला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर हाती आलेला स्पॅनिश शस्त्रसाठा त्याने मोठ्या प्रमाणावर खरेदी केला. एवढी दारू शहरात साठवणे धोक्याचे असल्याने हडसन नदीतील पोलेपेल बेटावर त्याने १९०१ पासून किल्ल्याच्या धाटणीचे कोठार बांधले. तेथील दारूचे कोठार १९२० मध्ये स्फोटात उद्ध्वस्त झाले. बॅनरमनच्या सूचिपत्रांनी सामान्य माणसाला एक नवी कल्पना दिली : काल सैनिकाच्या खांद्यावर असलेली वस्तू आज टपालाने आपल्या घरी येऊ शकते.

परंतु हा केवळ व्यापार होता. त्याला राष्ट्रीय धोरणाचे अधिष्ठान मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी.

नागरिक नेमबाजीचे सरकारी धोरण

यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी निकृष्ट होती, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत बनले होते. याच जाणिवेतून १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. १९०३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रायफल सरावाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय मंडळ नेमले. १९०५ च्या कायद्याने शिलकी लष्करी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्यास मुभा दिली. १९०७ पासून ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे राष्ट्रीय सामने भरू लागले. १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने या कामासाठी लष्करात स्वतंत्र संचालक पद निर्माण केले. लहान स्थायी सैन्य असलेल्या राष्ट्राला युद्धकाळी नागरिकांतून सैनिक उभे करावे लागतात, तेव्हा त्यांना आधीच नेम धरता येत असावा, असा या धोरणामागील विचार होता.

या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे एम-वन गॅरंड रायफल. कॅनडातील क्युबेक प्रांतात १८८८ मध्ये जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात तिची रचना केली आणि १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने ती स्वीकारली. आठ काडतुसांची पोलादी क्लिप आत दाबली की प्रत्येक बारानंतर पुढील काडतूस आपोआप चेंबरमध्ये येत असे. १९५७ पर्यंत सुमारे ५४ लाख गॅरंड रायफली तयार झाल्या. दुसरे महायुद्ध व कोरियन युद्ध यांत त्या वापरल्या गेल्या. त्यानंतर अनेक मित्रराष्ट्रांना त्या साहाय्य म्हणून देण्यात आल्या. ग्रीस, डेन्मार्क, फिलिपिन्स आदी देशांतून परत आलेल्या याच रायफली पुढे नागरिकांना विकण्यात आल्या. १९९६ च्या कायद्याने हे काम लष्कराकडून काढून नागरी नेमबाजी कार्यक्रम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ना-नफा महामंडळाकडे सोपविण्यात आले. खरेदीदाराचे नागरिकत्व, वय, पार्श्वभूमी आणि संलग्न नेमबाजी मंडळाचे सदस्यत्व पाहून रायफल देण्याची प्रथा या व्यवस्थेने रुजविली. रायफलींची स्थितीनुसार प्रतवारी केली जात असल्याने नवख्या खरेदीदाराला फसगतीची भीती तुलनेने कमी राहते. येथे शासन नागरिकाला शस्त्र देते आणि त्यासोबत एक शिस्तही देते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खुला बाजार : १९६३ आणि १९६८

खुल्या बाजाराचे चित्र वेगळे होते. १९५० च्या दशकात युरोपातील सैन्ये बोल्ट रायफली सोडून स्वयंभरणी रायफलींकडे वळली. ब्रिटनच्या ली-एनफिल्ड, जर्मनीच्या माउझर आणि इटलीच्या कार्कानो रायफली लाखोंच्या संख्येने निरुपयोगी ठरल्या. सॅम्युअल कमिंग्स यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या इंटरआर्म्को या कंपनीसारख्या व्यापाऱ्यांनी तो साठा घेऊन अमेरिकेत आणला. नव्या शिकारी रायफलीच्या मानाने या रायफली फार स्वस्त पडत. परिणामी दोन गोष्टी घडल्या. एक, असंख्य ग्राहकांनी त्यांचे दस्ते कापले, नळ्या आखूड केल्या, लष्करी साइट काढून टाकल्या आणि त्यांच्या शिकारी रायफली बनविल्या. दोन, देशी बंदूक कारखानदार अस्वस्थ झाले. हे कारखाने प्रामुख्याने कनेक्टिकट व मॅसॅच्युसेट्स या राज्यांत होते. १९५८ मध्ये परदेशी शिलकी शस्त्रांच्या आयातीस आळा घालणारे विधेयक सिनेटमध्ये मांडण्यात आले. ते मांडणारे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होते जॉन एफ. केनेडी. या विधेयकामागे प्रांतातील उद्योगाचे हित प्रमुख होते.

पाच वर्षांनी याच व्यापाराची एक रायफल इतिहासात नोंदली गेली. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्ड याने खोटे नाव देऊन शिकागोच्या एका दुकानातून टपालाने ६.५ मि.मी. ची कार्कानो रायफल मागविली. १९४० मध्ये इटलीत तयार झालेली ही रायफल दुर्बिणीसह १९.९५ डॉलर किमतीत जाहिरातीत आली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती याच रायफलीने. तरीही कायदा होण्यास पाच वर्षे लागली. १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यानंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी शस्त्र नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नागरिकांना टपालाने शस्त्रे विकणे बंद झाले आणि शिलकी लष्करी शस्त्रांची आयात रोखण्यात आली. सार्वजनिक सुरक्षितता आणि देशी उद्योगाचे संरक्षण हे दोन प्रवाह या कायद्यात एकत्र मिसळले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

आयातीवरील हे निर्बंध १९८० च्या दशकात संग्राह्य शस्त्रांपुरते सैल झाले. ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातील शस्त्र संग्राह्य मानण्याचा नियम महत्त्वाचा ठरला. एकेकाळी ज्या रायफलीचा दस्ता कापणे हे तिची किंमत वाढविण्याचे साधन होते, तिचे मूळ रूप राखणे हेच आता किमतीचे गमक बनले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर तेथील गोदामांतील मोसिन-नागांत रायफली मोठ्या संख्येने आल्या आणि २००० च्या दशकात अनेक नवख्यांची पहिली रायफल हीच ठरली. पुढे साठे आटत गेले. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन शस्त्रे व दारूगोळा यांच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आणले. स्वस्त शिलकी रायफलीचे पर्व अशा रीतीने ओसरले.

नवागत खरेदीदार : खुणांचे वाचन

जुनी रायफल विकत घेणे हे एका अर्थी कागदपत्र वाचण्यासारखे आहे. मोडी दस्तऐवज पाहणारा अभ्यासक जसा शिक्का, तिथी आणि हस्ताक्षर तपासतो, तसा जाणता खरेदीदार रायफलीवरील ठसे तपासतो. कारखान्याचे चिन्ह, वर्ष, तपासनिसाचा शिक्का, दुरुस्तीची नोंद, आयातदाराचा ठसा अशा खुणांतून तिचा प्रवास कळतो. बोल्ट व मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात की नाही, हे पाहण्यामागे केवळ संग्राहकाची हौस नसते. बोल्ट प्रत्येक रायफलीत स्वतंत्रपणे बसविलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसविलेला असल्यास हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये ज्या ठिकाणी टेकते ते ठिकाण यांमधील अंतर, बिघडलेले असू शकते. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढल्यास बार उडताना पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. म्हणून ठराविक मापाचे गेज लावून जाणकार कारागिराकडून तपासणी करून घेणे, ही पहिल्या बारापूर्वीची अपरिहार्य पायरी ठरते. ली-एनफिल्डच्या चौथ्या नमुन्यात या दोषावर उपाय म्हणून ० ते ३ क्रमांकांची वेगवेगळ्या लांबीची बोल्टची टोके उपलब्ध होती. लष्करी कार्यशाळेतील ही सोय आज नवख्या मालकालाही उपयोगी पडते.

काही दोष तर केवळ क्रमांकावरून ओळखता येतात. अमेरिकेची १९०३ नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल हे याचे ठळक उदाहरण होय. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड येथील २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचे सांगाडे सदोष उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ राहिले. भट्टीतील पोलादाचे तापमान कामगार केवळ डोळ्यांनी, त्याच्या रंगावरून ठरवीत. प्रकाश बदलला की अंदाज चुके. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफली फुटल्यानंतर हा दोष उघडकीस आला. अशा रायफली भिंतीवर जतन कराव्यात, त्यांतून बार काढू नये, हाच सल्ला आजही दिला जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यातील कामाची पद्धत आजच्या नवख्या माणसाच्या सुरक्षिततेशी इतकी थेट जोडलेली आहे.

नवागत नेमबाज : मैदानावरील धडे

रायफल तपासून झाल्यावर मैदानाचा प्रश्न येतो. गोदामात दीर्घकाळ ठेवताना रायफलींना कॉस्मोलिन नावाचे घट्ट वंगण चोपडलेले असते. ते चेंबरमध्ये राहिले तर काडतूस नीट बसत नाही आणि बोल्ट अडकतो. ते पूर्ण काढणे आणि नळीत अडथळा नाही याची खात्री करणे ही पूर्वतयारी होय. कान व डोळ्यांचे संरक्षण, नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेस ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे मानणे हे नियम सर्वत्र सारखे आहेत.

जुन्या दारूगोळ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइडचा थर राहतो. मिठाप्रमाणेच हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि नळी गंजते. तेलाने तो निघत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतून मग ती कोरडी करून तेल लावीत. नवख्या नेमबाजाला हे पाण्याचे काम प्रथम चमत्कारिक वाटते, परंतु त्यामागील रसायनशास्त्र बिनचूक आहे. गॅरंडच्या बाबतीत याउलट प्रश्न आहे. तिच्या यंत्रणेतील लांब दांडा युद्धकाळातील काडतुसांच्या दाबासाठी बेतलेला आहे. आजची काही शक्तिशाली शिकारी काडतुसे वापरल्यास तो वाकू शकतो. जुन्या शस्त्राला त्याच्या काळाचेच मोजमाप लावावे लागते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

प्रत्यक्ष नेमबाजीत रायफलीची रचना स्वतःच बोलू लागते. ली-एनफिल्डचा बोल्ट साधारण ६० अंश वळला की उघडतो आणि पुढे ढकलताना फायरिंग पिन सज्ज होते. त्यामुळे हात वेगाने चालतो. १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश पायदळात ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमके बार काढण्याचा सराव होता. नवखा माणूस पहिल्या दिवशी याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. खांद्याला बसणारा धक्का, जड चाप आणि उघड्या लोखंडी साइटवरून दिसणारे अंधुक लक्ष्य यांतून त्याला सैनिकाच्या कष्टांची थोडी कल्पना येते. अर्थात ही कल्पना अपुरीच असते, कारण समोरून उलट गोळी येत नसते.

इशापूर व खडकी : भारतीय बाजू

अमेरिकी बाजारपेठेतील अनेक रायफलींवर आणि काडतुसांवर भारतीय ठसे आढळतात, आणि येथे हा विषय मराठी वाचकाच्या जवळ येतो. बंगालमधील इशापूर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी रायफल कारखाना सुरू झाला. तेथे .३०३ ची ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घरोघर माहीत असलेली रायफल, तयार होऊ लागली. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटविलेली असत. परदेशातील मैदानावर एखाद्या नवख्या नेमबाजाच्या पायाशी पडलेली पुंगळी खडकीच्या कामगारांच्या हातची असू शकते, ही केवळ कल्पना नव्हे.

१८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण ठेवले. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आल्यावरही हिंदी सैनिकांच्या हाती स्नायडर होती. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा मार्सेय बंदरात तिला नव्या रायफली देण्यात आल्या. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्यात १०३ व्या व ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते. म्हणजे ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलीचा इतिहास हा सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागांतील शेतकरी कुटुंबांचाही इतिहास आहे.

नागरिकांच्या बाबतीत हा अविश्वास अधिक उघड होता. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले. लष्करी काडतूस नागरिकांच्या शस्त्रात चालू नये, अशी दक्षताही घेण्यात आली. .३१५ ही वेगळ्या मापाची शिकारी रायफल इशापूरने नागरिकांसाठी बनविली, ती याच विचारसरणीतून. तिची यंत्रणा ली-एनफिल्डचीच, पण लष्करी काडतूस तिला चालत नाही. पोलिसांसाठी काही ली-एनफिल्ड .४१० च्या एकबारी मस्कटींत बदलण्यात आल्या, म्हणजे त्या बंडखोरांच्या हाती पडल्या तरी लष्करी दारूगोळा निरुपयोगी ठरावा.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याखालील नियमांत .३०३ व ७.६२ मि.मी. च्या लष्करी काडतुसांच्या बोल्ट रायफली प्रतिबंधित वर्गात राहिल्या. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकास बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ७.६२ मि.मी. काडतुसासाठी २ए आणि नंतर २ए१ या रायफली बनविल्या. त्या जुन्या .३०३ रायफलींची केवळ नळी बदलून केलेल्या होत्या, हा समज चुकीचा आहे. अधिक दर्जेदार पोलाद वापरून त्या नव्याने घडविलेल्या होत्या. जगातील सैन्यांनी बोल्ट रायफल सोडून दिल्यानंतर बनलेली ही शेवटच्या काही लष्करी बोल्ट रायफलींपैकी एक होय. पुढे ती शिलकी ठरून अमेरिकेत गेली. तेथील नवखा माणूस तपासणी पार करून ती विकत घेऊ शकतो. ती घडविणारा इशापूरचा कामगार मात्र सामान्य नागरिक म्हणून ती घरी ठेवू शकत नाही.

भारतात थ्री-नॉट-थ्री पोलिसांच्या हाती दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात स्वयंचलित शस्त्रे घेतलेल्या अतिरेक्यांसमोर पोलिसांच्या हाती ही रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. जी रायफल एका देशात छंदाची वस्तू होती, तीच दुसऱ्या देशात कर्तव्यावरील माणसाच्या जीवनमरणाचा प्रश्न होती. जुन्या रायफलीच्या आकर्षणाविषयी लिहिताना ही बाजू विसरता येत नाही.

भारतीय नवख्या नेमबाजाची वाट म्हणूनच निराळी आहे. तो एअर रायफल आणि पुढे .२२ यांवर शिकतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकाविले. लष्करी रायफल नागरिकाच्या घरी नसतानाही नेमबाजीची परंपरा घडू शकते, हे यातून सिद्ध होते. त्यामुळे नागरिकांना शिलकी रायफली दिल्या तरच नेमबाज घडतात, हा अमेरिकी धोरणामागील जुना युक्तिवाद सार्वत्रिक मानता येत नाही.

इतिहासाचे साधन की शस्त्र?

जुन्या रायफलीच्या मालकीचे समर्थन करताना ती इतिहासाचे साधन आहे, असे म्हटले जाते. हे म्हणणे अंशतः खरे आहे. रायफलीवरील ठसे, दुरुस्त्या आणि झीज यांतून जे कळते ते सरकारी अहवालांत नेहमीच सापडते असे नाही. १९५० व १९६० च्या दशकांत कापल्या गेलेल्या दस्त्यांबरोबर असा पुष्कळ पुरावा नष्ट झाला. तथापि साधनाचे वाचन कोण करतो आणि कोणाच्या बाजूने करतो, हेही महत्त्वाचे आहे. इशापूरच्या ठशात ब्रिटिश साम्राज्याचा मुकुट दिसतो, पण त्यामागील बंगाली व बिहारी कामगार दिसत नाही. ‘के एफ’ या अक्षरांत खडकीच्या कामगारवस्तीचा उल्लेख नसतो. संग्राहकाचे वाचन बहुधा नमुना व वर्ष यांपाशी थांबते. त्यापुढील वाचन हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. दुसरीकडे, ही वस्तू कितीही जुनी झाली तरी तिचे शस्त्रपण संपत नाही, याची साक्ष डॅलसने दिली आहे. २३ वर्षे जुनी आणि वीस डॉलरांहून कमी किमतीची ती रायफल शिलकीच होती.

निष्कर्ष

१. अमेरिकेत शिलकी लष्करी रायफल नागरिकांपर्यंत पोहोचली ती सरकारी नेमबाजी धोरण आणि खुला व्यापार या दोन भिन्न मार्गांनी. पहिल्या मार्गात शिस्त व तपासणी होती, दुसऱ्यात १९६८ पर्यंत तिचा अभाव होता.
२. १९६८ च्या कायद्यामागे सार्वजनिक सुरक्षिततेबरोबरच देशी उद्योगाचे हितसंबंधही कार्यरत होते.
३. नवागत नेमबाजाने घ्यावयाची तांत्रिक दक्षता ही रायफलीच्या निर्मितीच्या इतिहासाशी निगडित आहे. हा इतिहास न जाणता केलेली खरेदी धोकादायक ठरू शकते.
४. भारतातील शस्त्रविषयक कायद्यांवर १८५७ नंतरच्या अविश्वासाची छाया दिसते. स्वातंत्र्यानंतर कारणे बदलली, तरी लष्करी काडतूस नागरिकापासून दूर ठेवण्याचे सूत्र कायम राहिले.
५. इशापूर व खडकी येथील उत्पादने परदेशी संग्राहकांच्या नोंदींत आढळतात, परंतु ती घडविणाऱ्या कामगारांचा इतिहास उपेक्षित आहे.

आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन इशापूर व खडकी येथील कारखाने नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. अशा पुनर्रचनेच्या काळात जुने दप्तर, हजेरीपट आणि नकाशे प्रथम अडगळीत जातात. खडकी तर पुण्यातील महाविद्यालयांच्या अगदी दाराशी आहे. तेथील निवृत्त कामगारांच्या मुलाखती व कारखान्याची कागदपत्रे यांचे संकलन इतिहास विभागांनी वेळीच हाती घेतल्यास, शिलकी रायफलीच्या कथेतील आजवर न लिहिला गेलेला भाग मराठीत लिहिला जाऊ शकेल.